गोळा त्यांचा, डोंगर कोणाचा?

टेपाचा पाडा, डोळखांब
१४ एप्रिल १९९७

ती. जगदीशमामास,
मीनाचा नमस्कार.

दहावीचे पेपर बरे गेले हे कळवायला पत्र लिहिणार होते, पण ते राहू दे. आपला पाखऱ्या बैल मेला. आकाशातून लोखंड पडून मेला. हसू नका, खरंच सांगते.

गुरुवारी सकाळी आम्ही जंगलातल्या वरच्या प्लॉटवर राब भाजत होतो. आई रोपांच्या वाफ्यावर जाळायचा पाला पसरत होती, बाबा कडेची आग झोडपून आवरत होता. एकदम असा आवाज झाला की मला वाटलं दरड सुटली. झोपडीमागं दोन्ही बैल बांधलेले होते. पळत गेलो तर पाखऱ्याची पाठ मोडलेली, आणि शेजारी मातीत अर्धा रुतलेला गोळा. पाणी तापवायच्या हंड्याएवढा, काळपट, एका अंगाला चेपलेला, वर कसली तरी परकी अक्षरं. अजून गरम होता. पाखऱ्या दुपारपर्यंत धापा टाकत होता. बाबानं त्याच्या तोंडाशी पाणी धरलं, ते तो प्यायला नाही.

पाड्यावर कोणी म्हणे विमानाचा तुकडा, कोणी म्हणे बॉम्ब. कमळू भगत म्हणाला, "आभाळातून आलाय, उगाच नाय आला. शिवेवर ठेवा त्याला." तुम्हाला माहीतच आहे, नांगराला न फुटणारा दगड शेतात लागला की आपण तो हद्दीवर नेऊन शेंदूर लावतो, मग तो शेत राखतो. तसं चार जणांनी तो गोळा बांबूला बांधून नेला आणि बसवला. बाबा म्हणाला, "माझा बैल खाल्ला त्यानं, आता शेत तरी राखूदे."

तुम्ही उपग्रहांची कात्रणं वहीत चिकटवता म्हणून विचारते. हे काय आहे? आणि ज्याचं कोणाचं आहे त्याला जाब विचारायचा तर कुठं जायचं?

तुमची भाची,
मीना

*

मुरबाड
१९ एप्रिल १९९७

चि. मीनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाखऱ्याचं वाईट वाटलं. पण पोरी, तुमच्या शेतात काय पडलंय याची तुम्हाला कल्पना आहे का? उपग्रह वर नेणाऱ्या रॉकेटात असे गोळे असतात, त्यात दाबून वायू भरतात. काम झालं की रॉकेट वर फिरत राहतं आणि वर्षा-दोन वर्षांनी खाली येतं. बहुतेक सगळं जळून जातं. हा गोळा जळला नाही. साऱ्या पृथ्वीवर त्याला माझ्या हौसाताईचा, तुझ्या आईचाच, प्लॉट सापडला!

आकाशाचा कायदा मोठा मजेचा आहे. १९६७ साली देशांनी करार केला की चंद्र, ग्रह आणि ती सगळी पोकळी कोणत्याच देशाच्या मालकीची नाही. कोणी चंद्रावर झेंडा लावला तरी चंद्र त्याचा होत नाही. पुढं विषुववृत्तावरच्या आठ देशांनी जाहीर केलं की आमच्या डोक्यावर जिथं उपग्रह उभे राहतात ती जागा आमची. कोणी मानलं नाही. वर कोणाची सत्ता चालत नाही, मीना, हे वाचताना मला फार बरं वाटतं.

मी कचेरीत आमच्या साहेबांना सांगितलं, त्यांनी वर कळवलं. एक पथक पाहणीला येईल. लेखनिक म्हणून मलाच बरोबर पाठवतायत. तोवर गोळ्याला हात लावू नका, भंगारवाल्याला दाखवू नका, आणि तो शेंदूर जमल्यास पुसून ठेवा. बाहेरचे लोक हसतात.

तुझा मामा,
जगदीश

*

टेपाचा पाडा
६ मे १९९७

ती. मामास,

नमस्कार. तुमचं पथक येऊन गेलं, ते तुम्ही पाहिलंतच. पण तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात, म्हणून काय काय झालं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे त्यांनी गोळ्यावरचा शेंदूर रॉकेल लावून खरवडला. आई म्हणाली, "अवो, पूजलाय तो, जरा हळू." त्यातला चष्मेवाला हसला. मग गोळा गोणपाटात बांधून जीपमध्ये टाकला. बाबानं विचारलं, "माझ्या बैलाचं काय?" साहेबानं उलट विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" बाबा म्हणाला, "सातबारा नाय. आमी आज्ज्याच्या वक्तापासून करतो." साहेब म्हणाला, "मग बैल इथं काय करत होता?" मामा, मरायला बैलाला सातबारा लागतो हे मला शाळेत शिकवलं नाही.

मी मध्ये बोलले की हा गोळा आमच्या शेतात पडलाय, तर आमचा नाही का? चष्मेवाल्यानं अगदी प्रेमानं समजावलं की नाही बाळ, तो ज्या देशानं सोडला त्याचाच आहे, आकाशात असो, समुद्रात पडो, तुमच्या शेतात पडो, मालकी बदलत नाही, तो परत करावा लागतो. म्हणजे हजारो मैलांवरच्या देशाचं लोखंड फिरून फिरून आमच्या बैलावर पडलं तरी त्यांचंच. आणि माझ्या पणजोबानं दगड वेचून केलेलं शेत आमचं नाही. तुम्ही लिहिता वर कोणाची सत्ता चालत नाही. मग सगळी सत्ता चालवायला आमचाच डोंगर सापडला का?

शेवटी बाबाचा अंगठा घेतलात. कागद वाचून दाखवला नाहीत. बाबा म्हणाला, "जगदीशनं लिवलंय, वाचायचं काय त्यात?" पण मला वाचायचा होता. काय लिहिलंत? आणि भरपाईचं काय?

मीना

*

मुरबाड
२ जून १९९७

चि. मीनास आशीर्वाद.

एवढा राग बरा नव्हे. चारचौघांत साहेबाला उलट बोललीस, मला खाली बघावं लागलं.

चष्मेवाले साहेब म्हणाले ते खरं आहे. वस्तू सोडणाऱ्या देशाचीच राहते. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू ऐक. त्या वस्तूनं जमिनीवर कोणाचं नुकसान केलं तर भरपाई त्या देशानंच द्यायची. त्याची चूक होती का हेसुद्धा विचारायचं नाही, सरळ द्यायची. १९७२चा करार आहे. म्हणजे कायदा पाखऱ्याच्या बाजूचा आहे, बघ! मात्र तुझ्या बाबांनी, लखमाभावजींनी, अर्ज करून चालत नाही. आपल्या सरकारनं त्यांच्या सरकारकडं मागायचं असतं. ते काम दिल्लीहून होतं, वेळ लागतो. मी पाठपुरावा करतो.

पंचनाम्यात नेहमीचाच सरकारी मजकूर आहे, त्यात तुला कळण्यासारखं काही नाही. एक मात्र ऐक. प्लॉटचं नाव सध्या कुठल्याच अर्जात काढू नका. यंदा वनखात्याचे लोक जंगलातली लागवड उपटत फिरतायत. गप्प राहिलं तर प्लॉट राहील.

अकरावीला शहापूरला प्रवेश घे. फॉर्मचं मी बघतो.

तुझा मामा,
जगदीश

*

आटगाव
८ सप्टेंबर २००८

ती. मामास,

नमस्कार. फोन केला की तुम्ही रेंज नाही म्हणून ठेवता, म्हणून पुन्हा पत्र. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहिलं नव्हतं, कारण दर दिवाळीला भेटायचो आणि दर दिवाळीला तुम्ही म्हणायचात, "दिल्लीहून काही आलं नाही." मग बाबानं विचारायचं सोडलं. एका बैलावर आणि उसन्या बैलावर त्यानं नांगर धरला.

आता काम वेगळं आहे. वनहक्काचा कायदा आलाय ते तुम्हाला माहीत असेलच. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो कसतो, त्याच्या नावावर जमीन होणार. गावोगाव समित्या झाल्यात, आपल्या पाड्याच्या समितीचा सचिव साईनाथ आहे. तो म्हणतो दोन पुरावे द्या. म्हाताऱ्यांचा जबाब झालाय, दुसरा सरकारी कागद असेल तर उत्तम. ज्यांच्याकडे वनखात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या त्यांचं काम सोपं झालं. बाबाकडून एक गार्ड दंड म्हणून दर साल कोंबडा न्यायचा. कोंबड्याची पावती कोण देतो?

पण आपल्याकडे तर पंचनामा आहे! सरकारची पाच माणसं १९९७ साली बाबाच्या शेतात आली, बाबाचा अंगठा घेऊन गेली. याहून मोठा पुरावा अख्ख्या डोळखांबात कोणाकडे नसेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, पाखऱ्या फुकट नाय गेला." मामा, त्याची प्रत काढून द्या. दावा नामंजूर झाला तर बाबाला खाली उतरवतील. तो ती जमीन सोडून जगेल असं मला वाटत नाही.

मला सहावा महिना लागतोय, नाहीतर मीच कचेरीत आले असते.

मीना

*

मुरबाड
१ ऑक्टोबर २००८

चि. सौ. मीनास आशीर्वाद.

तब्येतीला जप, अंगणवाडीतून लवकर रजा घे. पंचनाम्याचं म्हणशील तर एवढे जुने कागद दहा वर्षांनी नष्ट करतात. त्या वेळची फाईल मिळेलसं वाटत नाही. त्यामागं वेळ घालवू नका. दोन-चार म्हाताऱ्यांचे आणखी जबाब घ्या, तेवढं पुरतं.

इकडं आमच्या कचेरीत आता फक्त चंद्राची चर्चा. आपलं यान या महिन्यात निघतंय. त्यातून तिरंगा रंगवलेली एक पेटी चंद्रावर टाकणार. कोणी लगेच म्हणालं, म्हणजे तेवढा चंद्र आपला. मी त्याला १९६७चा करार समजावून सांगितला. मेमध्ये निवृत्त होतोय, मग कात्रणांच्या वह्या नीट लावणार आहे.

मामा

*

आटगाव
२१ नोव्हेंबर २००८

मामा,

फाईल नष्ट झाली नव्हती. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. परवा टपालानं प्रत आली. अक्षर तुमचं आहे. ते अक्षर मी कुठंही ओळखेन, माझ्या अकरावीच्या फॉर्मवर तेच होतं.

"सदर वस्तू निर्जन वनक्षेत्रात आढळून आली. परिसरात वस्ती अगर लागवड नाही. जीवित व वित्तहानी निरंक."

आणि खाली बाबाचा अंगठा. पंच म्हणून.

निर्जन! मग हा अंगठा कोणाचा? वाघाचा? लागवड नाही, मग राब कसला भाजत होतो आम्ही, शेकोटी करत होतो? निरंक, मग पाखऱ्या काय झोपला होता? तुम्ही आमच्या घरी आलात, आईच्या हातची भाकरी खाल्लीत, आणि लिहिलंत की इथं कोणी नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी एक शिवी देऊन मोकळी झाले असते.

पुढचं ऐका. ही प्रत मी मागवली, त्यामुळं ती फाईल बाहेर निघाली. आता खात्याचा माणूस समितीत तोच कागद फडकावतोय. "बघा, १९९७मध्ये लागवड नव्हती, अर्जदाराचा स्वतःचा अंगठा आहे." साईनाथ म्हणतो, "ताय, या कागदापुढं जबाब टिकायचे नाय." माझ्या हातानं मी बाबाच्या विरुद्ध पुरावा काढून दिला. तुम्ही मला एका शब्दानं सावध करू शकला असतात. त्याऐवजी मला चंद्र सांगत बसलात.

आणि दिल्लीचं! मी तो करार शोधून वाचला. नुकसान झाल्यापासून एका वर्षात मागणी करावी लागते. १९९८च्या एप्रिलमध्येच मुदत संपली होती. मागणी जाणार कशी, तुम्ही नुकसानच निरंक लिहिलं होतं. हे माहीत असून अकरा भाऊबिजा तुम्ही आईसमोर पाटावर बसलात, तिनं ओवाळलं, आणि बाबाला सांगितलंत, दिल्लीहून काही आलं नाही.

गेल्या शुक्रवारी तिरंग्याची पेटी चंद्रावर आदळली. आमच्या अंगणवाडीत पोरांना पेढे वाटायला लावले. मी वाटले. मला अभिमान नाही असं नाही. पण झेंडा लावून चंद्र कोणाचा होत नाही म्हणता, मग इंग्रजाच्या वेळी डोंगरावर खुणेचे दगड पुरले तेवढ्यानं डोंगर खात्याचा कसा झाला? चंद्रावर खरंच कोणी नाही, तरी तिथं मालकी सांगायची कोणाची छाती होत नाही. आमच्याकडे माणसं होती. म्हणून आधी माणसं नाहीत असं लिहावं लागलं, आणि ते लिहायला आमचाच मामा मिळाला.

बाबाला अजून वाचून दाखवलेलं नाही. काय वाचू?

मीना

*

मुरबाड
५ डिसेंबर २००८

चि. मीना,

मायना काय लिहू, सुचत नाही.

त्या दिवशी मी आधी खरंच लिहिलं होतं. लखमा याचे शेतात, एक बैल मयत. साहेबांनी तो कागद वाचला आणि मला जीपच्या मागं नेलं. म्हणाले, "नुकसान लिहिलंस तर प्रकरण दिल्लीला जाणार, परराष्ट्राशी पत्रव्यवहार होणार. पहिला प्रश्न येईल जमीन कोणाची. वनजमीन, म्हणजे अतिक्रमण. तुझ्या बहिणीवर केस होईल, बैलापायी प्लॉट जाईल." मी घाबरलो. त्या वर्षी दोन पाड्यांची लागवड उपटलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मला वाटलं, कागदावर तुम्ही नसलात तरच तिथं राहाल. मी तुम्हाला लपवलं, मीना. पुसलं नाही. निदान तेव्हा मला असंच वाटत होतं.

दुसरं कारणही लिहितो, कारण ते लपवलं तर हे पत्रही पंचनाम्यासारखंच होईल. त्या जूनमध्ये माझी बढती होती. साहेबांच्या हातात होती. मिळाली.

तू म्हणशील आता येऊन सांगा. खोटा पंचनामा केल्याचं मी कबूल केलं तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. तुझ्या मामीचं डायलिसिस चालू आहे, हे तुला माहीत आहे. मी वकील देतो, चांगला. त्याच्यामार्फत तो कागद खोडून काढू. माझं नाव न येता काय करता येईल ते सगळं करतो.

मामा

*

आटगाव
१५ डिसेंबर २००८

मामा,

मामीसाठी मला खरंच वाईट वाटतं. पण तुमचं नाव न येता! आमचं नाव न येऊ देता तुम्ही अकरा वर्षं काढलीत, आता तुमचंही येऊ द्यायचं नाही. मग त्या डोंगरावर येणार तरी कोणाचं?

वकील नको. रविवारी बाबाला सगळं वाचून दाखवलं. आई उठून चुलीकडे गेली. मग बाबा म्हणाला, "त्याला लिव. ११ जानेवारीला ग्रामसभा हाय, खात्याचा मानूसबी येनार. माती डोक्यावर घे नि शिव चाल. मग मी मानीन."

आपल्याकडची रीत तुम्ही विसरला नसाल. जमिनीचा तंटा असला की शपथ घेणाऱ्यानं त्याच शेतातलं ढेकूळ पळसाच्या पानावर डोक्यावर घ्यायचं, अनवाणी, आणि त्या शेताच्या हद्दीवरून एकट्यानं पुढं चालायचं. मागून सगळा गाव. कोणी बोलायचं नाही, खुणावायचं नाही. जो खोटं चालेल त्याच्या घरी पुन्हा दाणा टिकत नाही म्हणतात. साईनाथ म्हणतो त्यानंतर तुमचा लेखी जबाब समिती जोडून घेईल, कायद्यात बसतं.

मला नववा लागलाय, डॉक्टरनं चढ चढू नको सांगितलंय, म्हणून मी तिथं नसेन. तुम्ही आलात की नाही ते मला कोणीतरी सांगेलच. आला नाहीत तर पुढच्या दिवाळीला आईनं ओवाळायचं ताट काढू नये यासाठी मी आतापासून तिच्या मागं लागणार आहे.

मीना

*

मुरबाड
१३ जानेवारी २००९

चि. मीनास,

मी गेलो होतो. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

टोकावड्याच्या बाजूनं चालत चढलो. पाड्यावर सगळे जमले होते, पन्नास-साठ माणसं, आणि खात्याचे एक अधिकारी कागदाची पिशवी घेऊन. मला कोणी बस म्हटलं नाही. हौसाताईनं पाणी आणलं, तेव्हा भावजी तिला म्हणाले, "आधी चालूदे त्याला." ती तांब्या घेऊन परत गेली. साठीला टेकलेला माणूस मी, मला तेव्हा रडू आलं.

वर गेलो. साईनाथनं पान ठेवलं, भावजींनी स्वतः ढेकूळ उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि बाजूला झाले. मी निघालो. पहिल्या बांधानं सरळ गेलो, तो समोर दिसत होता. पुढं एका मोठ्या खडकापाशी बांध संपला. तिथं मला कळेना, वळायचं की उतरायचं. डावीकडं नाचणीची धसकटं होती, उजवीकडंही होती. मी थांबलो. मागं साठ माणसं उभी. कोणी चकार शब्द काढीना. ते अधिकारी किंचित हसले, ते मी पाहिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला तुमच्या शेताची हद्द माहीतच नाही. माहीत असायला मी ती कधी चाललोच नव्हतो. पंचनाम्याच्या दिवशी मी आंब्याखाली मांडीवर पॅड घेऊन बसलो होतो. साहेबही तिथंच होते. आम्ही पाचांपैकी एकानंही गोळ्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, आणि मी "परिसराची पाहणी केली" असं लिहिलं होतं. तूही हे विसरलीस, मीना. तुला वाटलं मामाला येत असेल.

मी ढेकूळ डोक्यावर तसंच धरून मागं वळलो आणि बोललो. रीत मोडली, माहीत आहे. म्हणालो, "मला शिव ठावी नाय. मी तवा शेतात आलोच नाय. न बघता लिवलंय मी, सगळं." घरी कधी बोलत नाही ती बोली आपसूक तोंडात आली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे पाहणी न करता पंचनामा केला? हे लेखी द्याल?" मी म्हटलं देतो. त्यांचं हसू गेलं. न पाहता केलेला पंचनामा पुढं करून त्यांना काही सिद्ध करता येणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं. मी तिथंच दगडावर बसून लिहिलं, नाव, हुद्दा, तारीख सगळं घालून, आणि या खेपेला मोठ्यानं वाचून दाखवलं. चौकशी लागेल. लागू दे. मामीला रात्री सांगितलं. ती माझ्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोललेली नाही. ती पंचनाम्यासाठी चिडली की पेन्शनसाठी, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मग भावजी माझ्यापाशी आले. मला वाटलं मारतात. त्यांनी माझ्या डोक्यावरचं ढेकूळ काढून आपल्या डोक्यावर घेतलं आणि खडकाला वळसा घालून चालायला लागले. मागून ताई, तिच्या मागं गाव. मीही गेलो, सगळ्यांत शेवटी. मला वाटलं होतं डोंगरातला एक तुकडा असेल. ते केवढं शेत आहे गं! खाली ओहोळापर्यंत जातं, दगड रचून रचून बांध घातलेत. चालायला अर्धा तास लागला. ग्रामसभेनं दावा मंजूर करून वर पाठवलाय.

निघताना ताईनं पाणी दिलं.

तुझा,
जगदीशमामा

*

आटगाव
९ फेब्रुवारी २००९

ती. मामास,

नमस्कार. २४ जानेवारीला मुलगी झाली. आई-बाबा काल बघायला आले होते, तेव्हा तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. आई रडली. माझा राग गेलेला नाही, हे मी तुम्हाला तोंडावर सांगणारच आहे, म्हणून आताच लिहून ठेवते.

बाबानं सगळं पत्र मान खाली घालून ऐकलं. तुमच्या रडण्यावर काही नाही, पेन्शनवर काही नाही. शेवटाला आले तेव्हा एकदम म्हणाला, "थांब. काय लिवलंय त्यानं? अर्धा तास?"

मी म्हटलं हो.

"पाऊण तास लागला. परत कमीच लिवलंय. त्याला म्हनावं, ये नि परत चाल."

मीना